वारा कुठून होता?

परवा दुपारी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर एक काळं पीस येऊन बसलं. हात लावला तर ते पीस नव्हतंच. जळलेल्या गवताचं पातं होतं, बोटांत धरताच त्याची काजळी झाली. मी खिडकीतून मान बाहेर काढली. सातव्या मजल्यावरून भांडुपचा डोंगर आता समोरासमोर दिसतो. पूर्वी याच जागेवरून तो मान वर करून बघावा लागायचा. त्याच्या खांद्यावर धूर उभा होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

खोलीत येऊन मोबाइल बघितला तर सोसायटीच्या ग्रुपवर डोंगराआधी माणसंच पेटलेली. ‘कोणीतरी लावलीय, नक्की.’ ‘बिल्डरांचं काम.’ ‘छे हो, वरच्या झोपड्यांतले असणार.’ ‘दारू पार्टी!’ धूर दिसून दहा मिनिटं झाली नव्हती आणि तीन गुन्हेगार ठरून मोकळे झाले होते. मला हसू आलं आणि मग आलं तसंच ते गेलं. माणसं बदलली, मजले चढले, पण डोंगरावरचं गवत तेच आहे आणि खालचा प्रश्नही तोच. कोणी लावली?

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलं होतं. लेखी दिलं होतं, सहीनिशी.

आमची चाळ इथेच होती, या इमारतीच्या पायाखाली. पत्र्याच्या छपराच्या दहा खोल्या, पुढे सारवलेलं अंगण आणि मागे लगेच डोंगर. सगळी कोकणातली माणसं. पुरुष गिरण्यांत, बायका घरात आणि मुलं डोंगरावर. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात त्याआधी मॅट्रिकचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. आईचा अंगठा, बाबांची गिरणीत पगारासाठी शिकलेली सही, आणि मी बी.ए. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे. घरात दोन माणसं पाय पसरून बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं, अशा जागेत मी शिकले. अभ्यासाला मी चाळीच्या वर एका काजूच्या झाडाखालच्या खडकावर जाऊन बसायची. नोट्सच्या वह्या, पाण्याची बाटली, आणि समोर डोंगराचा अख्खा उतार.

ते दुष्काळाचं साल. आदल्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या थापताना आई रोज तिच्याशी भांडायची. लढाई होऊन गेलेली, तरी ब्लॅकआऊटचे काळे कागद काही खिडक्यांना अजून चिकटलेले होते. होळी येईपर्यंत डोंगरावरचं गवत कागदासारखं वाजायला लागलं. मधूनच एखादा पांगारा लालभडक फुललेला. दुरून वाटायचं, हा पेटलाच.

आणि एके दिवशी तिन्हीसांजेला, खाली घराघरांत दिवे लागत असताना, वरही कुणीतरी दिवा लावल्यासारखी एक बारीक रेघ उमटली. बघता बघता ती रेघ चालायला लागली. तिला फाटे फुटले. एक फाटा घळीत उतरून दिसेनासा झाला आणि पलीकडच्या कड्यावर एकदम उभा राहिला. आवाज उशिरा आला. आधी वाटलं, लांब कुठेतरी तांदूळ पाखडताहेत. मग बांबूची बेटं फुटायला लागली, एकेक बार उडावा तशी. सगळी चाळ अंगणात आली. भीती वाटायला हवी होती खरं म्हणजे. पण मी सरळ सांगते, माझे हात आपोआप जोडले गेले. इतकं मोठं, इतकं देखणं आणि आपल्याशी काहीही देणंघेणं नसलेलं असं मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं. शेजारी आईचेही हात जोडलेले होते. ती पुटपुटली, “वणवो गो... जाता तसो जाऊ दे म्हाराजा.”

सकाळी डोंगर काळा होता आणि अंगणातल्या सांडग्यांवर काळी पिसं पडली होती.

त्यानंतर तो महिनाभर पेटत राहिला. आज इथे, चार दिवसांनी तिथे. माणसाचं कसं असतं बघा, पहिल्या दिवशी हात जोडतो, तिसऱ्या दिवशी बाज टाकून बघायला बसतो. संध्याकाळी अंगणात चणेफुटाणे खात लोक वणवा बघायचे आणि तर्क लढवायचे. हातभट्टीवाल्यांनी लावली म्हणे, पोलिसांची नजर वळवायला. गवताच्या ठेकेदाराचं हे काम, त्याचं दुसऱ्या ठेकेदाराशी भांडण. खाणवाल्यांना डोंगर उघडा हवाय. एकानं तर शपथेवर सांगितलं, की शत्रूचा हेर आहे, विमानांना खुणा करतोय.

“लढाई संपली रे,” कुणीतरी म्हणालं.

“तेच तर! आपण गाफील आहोत ना आता!”

या दरबारात शेवटचा शब्द नाईककाकांचा. ते गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आणि चाळीतही जॉबरच. खुर्ची फक्त त्यांच्याकडे होती. ते फुटाण्याचं साल फुंकून म्हणायचे, “हेर नाय नि भूत नाय. वरचे पाड्यावालेच हे. जंगलात राहणार कोण? ते. आगपेटी कोणाकडे? त्यांच्याकडे. विषय संपला.”

आगपेटी आमच्या दहाही घरांत होती. पण हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर तर्कशास्त्राचा पेपर दिलेला होता.

वरच्या पाड्यात वारल्यांची सातआठ घरं होती. त्यातली रुक्मी आमच्या रोजच्या ओळखीची. सकाळी लाकडाची मोळी घेऊन उतरायची, उन्हाळ्यात पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं. आमच्या पायरीवर टेकायची, पाणी प्यायची. आई मालवणीत बोलायची, ती तिच्या बोलीत, आणि दोघींचं उत्तम चालायचं. तिचा नवरा जान्या. सगळे त्याला जान्याच म्हणायचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मीसुद्धा. उंच, काटकुळा, बोलायचा फार कमी. गवत कापायचा.

परीक्षेचे दोनच पेपर उरले होते. दुपारी तीनचा सुमार, मी खडकावर. वरच्या कड्यावरून धूर उतरायला लागला होता, नेहमीपेक्षा जास्त आणि नेहमीपेक्षा जवळ. डोंगरापलीकडून, समुद्राकडून येणारा वारा त्याला आमच्याकडे ढकलत होता. आगीच्या पुढे पुढे टोळ उडत होते आणि कोतवाल पक्षी आगीच्या तोंडातून ते टिपत होते. एक ससा माझ्यापासून हातभरावरून पळाला. मी वह्या गोळा केल्या आणि तेवढ्यात मला जान्या दिसला. पाड्याच्या वरच्या पायवाटेवर वाकलेला. हातात पेटती फांदी. ती तो गवताला लावत होता, दोन पावलं चालून पुन्हा लावत होता. शांतपणे, भात लावावा तसा.

मी तशीच धावत खाली आले. ओरडत, “जान्या आग लावतोय! मी बघितलं! डोळ्यांनी बघितलं!”

चाळ बादल्या घेऊन उभी राहिली. पण आग आलीच नाही. पाड्याच्या वरच कुठेतरी धूर एकदम उंच गेला आणि बसला. नाईककाका म्हणाले, आपल्या तयारीला घाबरली. सगळे हसले. मग म्हणाले, “आता अर्ज करायचा. आणि अर्ज आमची बी.ए. लिहिणार!”

त्या शब्दानं माझी मान केवढी ताठ झाली, ते आज आठवलं तरी मानेला कळ लागते. अंगणात सतरंजी घातली गेली. मी शुद्ध, वळणदार मराठीत लिहिलं. ‘सदर इसमास हातातील पेटत्या फांदीने गवत पेटविताना मी स्वतः, प्रत्यक्ष, दिवसाढवळ्या पाहिले आहे.’ स्वतः, प्रत्यक्ष, दिवसाढवळ्या. तीन खिळे. प्रत्येक घराची सही किंवा अंगठा. बाबा पाळीवरून आले, त्यांनी न विचारता सही केली, मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं काय? सगळ्यांत वर माझं नाव आणि पुढे ‘बी.ए. (अपिअर्ड)’. दोन पेपर बाकी होते, तरी.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई जान्याला घेऊन आमच्याच अंगणातून खाली गेले. त्यानं मान वर केली नाही. करायची गरजही नव्हती, आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “तू बघलंस ता खरा गो. पण वारो खयसून होतो?”

“वारा? वाऱ्याचा काय संबंध?”

“आमी भाजावळ करू तेव्हा पयलो वारो बघू,” ती म्हणाली. गावी पेरणीआधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, ती भाजावळ. “वाऱ्यावांगडा लावलंस तर आग धावता. वाऱ्याच्या तोंडार लावलंस तर रांगता, मानसाच्या धाकात रवता. जान्यान खयच्या अंगान लावल्यान?”

“आई, तुला काय कळतंय यातलं?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. “माका काय कळतला,” म्हणाली. “मी अंगठेबहाद्दर.”

तो प्रश्न माझ्या कानात काडीसारखा अडकून बसला. उरलेल्या दोन पेपरांत मी काय लिहिलं, मला आठवत नाही. वारा मात्र आठवायला लागला. वारा वरून होता. आग वरून येत होती. जान्या खाली होता आणि त्याचं तोंड आगीकडे होतं. आग लावून पळणारा माणूस आगीकडे तोंड करून कशाला चालेल? मी हे कुणाला बोलले नाही. अर्ज गेला होता. अर्जाच्या खाली सगळी चाळ होती आणि वर मी.

रुक्मी आठवडाभर आली नाही. करवंदं आली नाहीत. आई पायरीवरचा पाण्याचा तांब्या रोज भरून ठेवायची आणि संध्याकाळी तुळशीत ओतायची.

मग एका दुपारी डोंगर पुन्हा पेटला, या वेळी पाड्याच्या वर, दक्षिणेच्या अंगाला, जिथलं गवत अजून उभं होतं. सूर्य धुरातून तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता, त्याच्याकडे टक लावून बघता येत होतं. पुरुष कामावर. आम्ही बायका बादल्या भरत होतो, आणि डोंगरावरून रुक्मी उतरताना दिसली. डोक्यावर मोळी नाही, पाटी नाही. ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मूठ उघडली. तळहातावर आगपेटी होती.

“बाय,” ती म्हणाली, “आग लावू का?”

मला काही कळेना.

“आग येते. पाड्यावं येते. समोरून लावली तं थांबंल. पन कोनी लावीत नाय. लावली तं नेतील, जान्याला नेला तसा.” तिनं आगपेटी आणखी पुढे केली. “तू लिवतेस ना? मंग लिवून दे, का रुक्मीनी आग लावली तं चालंल.”

टोमणा नव्हता त्यात. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखर परवानगी मागायला आली होती. माझ्या अक्षरात माणूस आत टाकायची ताकद होती, तर त्यात आग लावू देण्याचीही असेल, असा तिचा साधा हिशेब. वर तिची घरं, पोरं, म्हातारी सासू. आणि पाड्यात दहा मोठी माणसं हातात आगपेट्या घेऊन माझ्या अर्जापायी गप्प उभी होती.

आईनं माझ्या हातातली बादली काढून घेतली. “चल,” म्हणाली. “लिवन मगे.”

आम्ही तिघी वर गेलो. नाईककाकू मागून ओरडत होत्या, “सुलभे, वेड लागलं काय गं? परत फीर!” पायवाट तापलेली. धुरानं डोळ्यांत पाणी. रुक्मीनं वाकून मूठभर धूळ उचलली आणि हवेत सोडली. धूळ आमच्याच तोंडावर आली. “वारा वरून,” ती म्हणाली. पाड्यातल्या बायका हिरव्या फांद्या घेऊन पाड्यावरच्या त्याच पायवाटेवर ओळीनं उभ्या राहिल्या, ठिणगी पायवाट ओलांडून खाली उतरू नये म्हणून. मग रुक्मीनं काडी काढली. ओढण्याआधी तिनं वळून खाली बघितलं, जान्याला नेलं त्या वाटेकडे. मी तिच्या हातून आगपेटी घेतली.

पहिली काडी विझली. दुसरी लागली. गवतानं ती अशी घेतली जशी तहानलेलं माणूस पाणी घेतं. मी दोन पावलं चालले, पुन्हा लावली. पुन्हा दोन पावलं. मला एकदम जाणवलं, मी अगदी जान्यासारखी चालतेय. वाकलेली, तोंड आगीकडे. खाली त्या खडकावर कुणी वह्या घेऊन बसलेलं असतं, तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं.

आमची आग लहान होती. रांगत होती. वाऱ्याविरुद्ध एकेक काडी खात, नाखुशीनं वर सरकत होती. आणि वरून ती मोठी येत होती, गर्जना करत. मला वाटलं, संपलं, ही पोर तिच्यापुढे काय करणार? पण मग मी जे पाहिलं, त्याला माझ्याकडे आजही पुरे पडणारे शब्द नाहीत, बी.ए. असून. मोठी आग जवळ आली आणि लहान आगीच्या ज्वाळा तिच्याकडे झुकल्या. वारा आमच्या तोंडावरचा, तो क्षणभर पाठीवर आला. मोठी आग धाकटीला ओढून घेत होती. धाकटी उठली आणि धावली, लेक आईकडे धावावी तशी. दोघी भिडल्या. सबंध उताराच्या लांबीनं एक भिंत ताडाच्या उंचीएवढी उभी राहिली, एक श्वासभर राहिली. तिच्या उजेडात रुक्मीचं तोंड, आईचं तोंड, प्रत्येक पान, प्रत्येक दगड नव्यानं घडवल्यासारखा दिसला. आणि मग काही नाही. खायलाच काही उरलं नव्हतं. धूर, आणि एवढी शांतता की राख पडताना ऐकू यावी.

माझे हात काळे झालेले होते, नाही तर मी ते पुन्हा जोडले असते. या वेळी कुणापुढे, ते मला माहीत होतं.

एक गवताची गंजी गेली. पाडा राहिला. पायवाटेखालची आमची चाळही राहिली.

त्याच संध्याकाळी मी दुसरा अर्ज लिहिला. सतरंजी नाही, अंगण नाही, गुडघ्यावर वही ठेवून. ‘मागील अर्जात मी जे लिहिले ते मी पाहिले होते, परंतु मला ते समजले नव्हते. आज दुपारी मी स्वतः आगपेटीने डोंगरावरील गवत पेटविले. जान्याने ज्या पायवाटेवरून, ज्या दिशेने आणि ज्या कारणाने पेटविले, तसेच पेटविले. त्यामुळे वणवा थांबला. यात त्याचा गुन्हा असेल तर माझाही तोच धरावा.’ खाली फक्त नाव.

नाईककाका दारात आले. “चाळीचं नाक कापतेस तू. आणि बापाच्या नोकरीचं काय? विचार केलास?”

बाबा तेवढ्यात पाळीवरून आले, डबा हातात. त्यांनी सगळं ऐकलं. खाली बसले. म्हणाले, “वाच.”

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पेन मागितलं आणि माझ्या नावाखाली ती सही केली, एकेक अक्षर उभं करत. “मागच्या वेळी मी विचारलंच नाही तुला काय लिहिलंस ते,” म्हणाले. “चूक झाली.” आईनं शाईनं अंगठा उठवला. आम्ही तिघं उतरून चौकीत गेलो.

हवालदारानं दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. अक्षर एकच. “काय गं पोरी, हे तूच लिहिलंस आणि हेपण तूच? मग खरं काय?”

“दोन्ही,” मी म्हणाले. “पहिलं लांबून बघितलं होतं, साहेब.”

“आणि तुलाच आत घातलं तर?”

“तर घाला. पण मग पुढच्या वणव्याला वर कोण जाणार, ते तुम्ही लिहून द्या.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आईच्या काळ्या हातांकडे. मग हाक मारली, “ए, त्याला आण रे बाहेर.”

जान्या आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. मी काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं होतं, वळणदार. ते सुरू करायच्या आधी त्यानंच विचारलं, “पाडा हाये?”

“आहे, जानूदादा,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. एवढंच. आयुष्यात मला पुष्कळांनी माफ केलं, पण इतक्या थोड्या शब्दांत कुणी नाही.

मुळातल्या त्या आगी कोणी लावल्या, ते आजतागायत कळलं नाही. नाईककाका शेवटपर्यंत पाड्यावाल्यांचंच नाव घेत राहिले. मी पास झाले, बाबांनी पेढे वाटले, पदवीचं भेंडोळं काचेत लावलं. ती काच अजून माझ्या भिंतीवर आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण मी खरी शिकले ते कुठल्या खडकावर आणि कुठल्या पायवाटेवर, हे त्या काचेत दिसत नाही. पावसाळ्यात त्या जळक्या उतारावर जे हिरवं उगवलं, तसं हिरवं मी पुन्हा पाहिलेलं नाही. भाद्रपदात रुक्मीनं त्यातलीच रानभाजी आणून दिली, आणि पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायली.

परवा संध्याकाळी सेक्रेटरी वर आला. चांगला मुलगा आहे. “आजी, सोसायटीतर्फे कंप्लेंट द्यायचीय. आपल्या वॉचमननं एका माणसाला वर गवत पेटवताना बघितलंय, व्हिडिओपण आहे. तुम्ही लिहा ना, तुमचं मराठी झकास आहे.”

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. लांबून काढलेलं, हलणारं चित्र. एक माणूस वाकलेला. हातात काहीतरी पेटतं. दोन पावलं, पुन्हा वाकला.

“वारा कुठून होता?” मी विचारलं.

“काय?”

मी खिडकीशी गेले. तुळशीच्या कुंडीतली कोरडी माती चिमूटभर घेतली आणि हात बाहेर काढून सोडली. माती उडून आमच्या दोघांच्या तोंडावर आली.

“बस जरा,” मी म्हणाले. “आधी तो माणूस कुणीकडे तोंड करून चालतोय, ते मला पुन्हा दाखव.”